मातीत गेलेली चौदा वर्षं

वाचकाचं पत्र

ताई, मी २६ वर्षांचा आहे. बाराव्या वर्षी वडिलांनी कोल्हापूरला तालमीत आणून सोडलं, तेव्हापासून इथंच आहे. शालेय राज्य स्पर्धेत एकदा रौप्य मिळालं, गावोगावच्या जत्रेत बऱ्याच कुस्त्या मारल्या. पण महाराष्ट्र केसरीच्या जिल्हा निवड चाचणीत तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा हरलो. पहिल्यांदा पहिल्याच फेरीत गेलो. दुसऱ्यांदा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. यंदा शेवटच्या कुस्तीत गुणांवर पुढं होतो आणि वीस सेकंद राहिलेली असताना दोन गुण गेले. माझ्या खुराकासाठी वडिलांनी सव्वा एकर रान विकलं, ऑपरेशनला दोन म्हशी गेल्या. धाकटी बहीण बारावीनंतर घरी बसली. गावात लोक म्हणतात, एवढे बदाम खाऊन काय दिवे लावले? वडील एका शब्दानं बोलत नाहीत, ते जास्त लागतं. दिवाळीला घरी गेलो नाही. दोन महिने नीट झोप नाही. गावच्या शाळेनं संध्याकाळी पोरापोरींना कुस्ती शिकवशील का म्हणून विचारलं होतं, थोडं मानधन आहे. मी नाही म्हणालो. हरलेल्या माणसानं काय शिकवायचं? ताई, माझी चौदा वर्षं मातीत गेली असंच म्हणायचं ना?

— एक पैलवान, सोलापूर जिल्हा

ताईंचं उत्तर

पैलवान,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शुक्रवार, आणि अजून ते टेबलावरच आहे. 'मातीत गेली' हे दोन शब्द मला पुढं जाऊ देईनात. दुसऱ्या कुणी लिहिले असते तर बोलण्याची रीत म्हणून सोडून दिले असते. पण तू मातीतला माणूस आहेस, आणि मी मातीतल्या माणसाची मुलगी.

आमचे अण्णा कृष्णाकाठच्या एका लहानशा गावात वस्ताद होते. तालीम म्हणजे देवळामागची पत्र्याची लांबट खोली. मध्ये कुस्तीच्या मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात व्यायामाची जड करेल. मुलींनी आत पाऊल टाकायचं नाही असा तेव्हाचा नियम, म्हणून मी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून बघायची. पहाटे पोरं यायच्या आधी अण्णा स्वतः फावडं घेऊन हौदा उकरायचे. नवी माती आली की ती चाळणं, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर कालवणं, हे सगळं ते दुसऱ्यावर सोडायचे नाहीत. हाताच्या मुठीत माती दाबून बघायचे. मूठ उघडल्यावर ढेकूळ राहिलं तर पुन्हा उकरायचे. लहानपणी मला वाटायचं, ही माती जिंकण्यासाठी तयार करतात. मोठी झाल्यावर कळलं की ती पडण्यासाठी तयार करतात. हौदा कडक असला की पोरगं पडायला घाबरतं, आणि पडायला घाबरलं की डावच टाकत नाही. ताकापासून कापरापर्यंतची ती सगळी उस्तवार पडणाऱ्यासाठी असते. जो चितपट मारतो, त्याला खाली माती आहे की फरशी याचं काय?

तेव्हा 'मातीत गेली' हा शब्द तू निदान गावच्या लोकांच्या अर्थानं वापरू नकोस. तुझी चौदा वर्षं मातीत गेली, हे खरंच आहे. तिथंच जायला ती निघाली होती.

आता दुसरी बाजू. हार-जीत महत्त्वाची नसते, असं मी तुला सांगणार नाही. असं सांगणाऱ्यांनी बहुतेक कधी पैलवानाची लांग बांधलेली नसते. हार लागते. ती वीस सेकंदं तुला अजून कितीतरी वर्षं रात्री-अपरात्री आठवतील, आणि प्रत्येक वेळी तू मनात तो हात वेगळा धरशील. ते चुकवता येत नाही. तुला महाराष्ट्र केसरीची गदा हवी होती आणि ती मिळाली नाही, याचं दुःख हे तुझं हक्काचं दुःख आहे. ते कर. ते करताना कुणाची माफी मागू नकोस. मला भांडायचंय ते एवढ्यावरच, की कुस्ती हरलो म्हणजे ती खेळण्यासाठी केलेलं सगळं खोटं ठरलं, असा हिशेब तू मांडला आहेस. हा हिशेब चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे तुला तुझ्याच विद्येतल्या एका थोर माणसाच्या गोष्टीतून सांगते.

खाशाबा जाधवांचा फोटो तुझ्या तालमीत असणारच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. आपण त्यांची गोष्ट पदकापासून सांगतो. मी ती चार वर्षं आधीपासून सांगते. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. आयुष्य सगळं मातीवर गेलेलं, आणि तिकडं कुस्ती गादीवर. नियम वेगळे, पकड वेगळी. फ्लायवेट गटात ते सहावे आले. सहाव्या माणसाची कुणी मिरवणूक काढत नाही. ते परत आले आणि पुन्हा जोर-बैठकांना लागले. पुढच्या खेपेला वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये उतरायचं ठरवलं.

हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी हात लावला, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पैलवान, इथं जरा थांब. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा पदक कुठं होतं? कुठंच नव्हतं. त्यांच्यासमोर होता तो सहावा आलेला आपला विद्यार्थी आणि त्याची चार वर्षांची मेहनत. तेवढ्यावर त्या माणसानं घर लावलं. हेलसिंकीहून खाशाबा रिकाम्या हातानं परतले असते, तर खर्डेकर फसले असं म्हटलं असतंस का? मी नसतं म्हटलं. त्यांनी ज्याच्यावर विश्वास टाकला, ती मेहनत तोपर्यंत होऊन गेलेली होती. तिला नंतरचा निकाल हात लावू शकत नव्हता.

हेलसिंकीतही सगळं सरळ झालं नाही. जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले, त्या गटाचं सुवर्ण पुढं इशीलाच मिळालं. ती कुस्ती लांबली होती, अंगात त्राण नव्हतं, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी खेळायला उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम सांगून त्यांच्या बाजूनं भांडायला तिथं आपला एकही अधिकारी हजर नव्हता. तीही कुस्ती गेली. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं होतं, त्यावर कांस्य आलं. म्हणजे आपण ज्या पदकाचा सात दशकं अभिमान बाळगतो, त्याच्या पोटात दोन हारी आहेत, आणि त्यातली एक तर अन्यायाची आहे.

परत आल्यावर कऱ्हाडात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. हे लक्षात ठेव, याच्यावर मला पुढं बोलायचं आहे.

आणि पदकानं त्यांचं आयुष्य सोपं केलं असंही नाही. १९५५ साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि नोकरी करून निवृत्त झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. गदा मिळाली असती तर आपल्या घरची सगळी दुःखं फिटली असती, असं तुला आत्ता वाटत असेल, म्हणून सांगितलं.

आता तुझ्या पत्राकडं येते.

तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. रानाबद्दल तू लिहिलंस, म्हशींबद्दल लिहिलंस, गावच्या लोकांबद्दल लिहिलंस, वडिलांबद्दल तर मन मोकळं केलंस. बहिणीच्या वाट्याला एक ओळ आली: 'धाकटी बहीण बारावीनंतर घरी बसली.' बसली नाही रे, बसवली. तुझ्यावर रागावून बोलत नाही. तू तेव्हा अठरा-वीस वर्षांचा असशील, निर्णय मोठ्यांनी घेतला असेल. पण हे स्वच्छ बोललं पाहिजे. तू जो झगडा केलास, तो तू निवडला होतास. पहाटे उठलास, कान चेपून घेतलेस, गुडघा घालवलास. हरलास तरी तो तुझा झगडा आहे. तुझ्या बहिणीला कुणी विचारलं होतं? ती कधी आखाड्यात उतरलीच नाही आणि तरी चितपट झाली. घरातलं सगळं एका पोराच्या खुराकात ओतायचं आणि बाकीच्यांनी उरलेल्यावर भागवायचं, ही आपल्या गावांची रीत मी लहानपणापासून बघत आले आहे. आमच्या घरीही बदाम मोजून भावाच्या खलात पडायचे आणि आम्ही बहिणी खल धुतलेलं पाणी प्यायचो. अण्णांवर माझं फार प्रेम होतं. तरी ही गोष्ट मला पटली नव्हती, आजही पटत नाही.

वडिलांचं कर्ज कसं फेडू, हे तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात असणारच. मी म्हणते, आधी फेडता येईल ते कर्ज फेड. सव्वा एकर रान आता परत येणं अवघड आहे, हे तुलाही कळतं. बहिणीचं शिक्षण मात्र परत येऊ शकतं. बारावी झालेली आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी चालू आहे, ज्यांना रोज कॉलेजला जाणं जमत नाही. तालुक्याच्या गावी त्यांचं अभ्यासकेंद्र असण्याची शक्यता आहे, चौकशी कर. कदाचित तिला नेहमीच्या कॉलेजातच जायचं असेल. कदाचित नर्सिंग करायचं असेल, कदाचित शिवणाचं दुकान टाकायचं असेल, कदाचित काहीच नको असेल. म्हणून पहिली गोष्ट ही, की तिला विचार. सहा-सात वर्षांपूर्वी जे विचारायचं राहिलं, ते आता विचार. आणि ती जे म्हणेल त्याच्या फीसाठी पहिला पैसा तुझ्या हातून जाऊ दे. खाशाबांनी घर कसं सोडवलं ते वर लिहिलंय. कुस्तीतून आलेल्या पैशानं सोडवलं. तुझ्याकडंही कुस्तीतून येणारा पैसा दारात उभा आहे, आणि तू त्याला नाही म्हणून आलास.

आता त्या शाळेबद्दल. 'हरलेल्या माणसानं काय शिकवायचं?'

महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. गदा एका वर्षी एकाच्याच खांद्यावर जाते. मातीतला एक आणि गादीवरचा एक, दोघं शेवटच्या कुस्तीला येतात, आणि त्यातलाही एक हरतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून निवड चाचणीला किती पोरं उतरतात ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. शिकवायचा अधिकार फक्त गदावाल्यांना ठेवला, तर महाराष्ट्रातल्या तालमींना उद्या कुलूप लागेल. आमच्या अण्णांनी आयुष्यात मोठी म्हणावी अशी एकही कुस्ती मारली नव्हती. जत्रेत नारळावरच्या, पुढं शे-पाचशेच्या इनामाच्या कुस्त्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पोलिसात, सैन्यात, कारखान्यावर, कुठं कुठं गेली, आणि अण्णा गेले त्या दिवशी चेपलेल्या कानांची कितीतरी माणसं आमच्या अंगणात उभी होती. एकानंही विचारलं नाही की वस्ताद, तुमची गदा कुठं आहे.

अण्णांची एक वही होती. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची, वाण्याकडं उधारी लिहायला असते तसली. त्यांच्या मागं ती माझ्याकडं आली. प्रत्येक पोराची कुस्ती तिच्यात लिहिलेली आहे. कुठल्या जत्रेत, कुणाशी, किती वेळ. एक गंमत बघ: मारलेल्या कुस्तीपुढं एक ओळ आहे, 'मारली' एवढंच. हरलेल्या कुस्तीपुढं अर्धं पान. त्यातली एक नोंद, भारंदाज डावावर हरलेल्या कुस्तीची, तुला जशीच्या तशी उतरवून देते:

'भारंदाजवर पडला. डावा पाय मागं ठेवतो, सांगून ऐकत नाही. मान आखडते. अकरा मिनिटं टिकला, मागल्या जत्रेला चार. रडला. जेवला.'

आता तू असं कर. दोनशे पानी वही आण आणि तुझ्या तीन निवड चाचण्यांच्या तिन्ही कुस्त्या अण्णांसारख्या लिहून काढ. अंगाला अजून आठवतंय तोवर लिही. कुठल्या पायावर भार होता, पट कधी निसटला, शेवटच्या वीस सेकंदांत तू घड्याळाकडं बघितलंस का, आघाडी सांभाळायला मागं सरकत होतास का. कुणासाठी लिहितोय असं वाटेल. त्या शाळेतल्या एखाद्या पोरीसाठी, जिला अजून पाच-सात वर्षांनी अशीच वीस सेकंदं खेळायची आहेत. जिंकणाऱ्याला त्या वीस सेकंदांत काय झालं हे आठवत नाही. तुला आठवतं. ती विद्या तुझ्या सव्वा एकरानं विकत घेतली आहे. ती खोलीत कोंडून ठेवलीस, तर मात्र रान खरंच वाया गेलं.

पोरी म्हटलं म्हणून एक सांगते. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. बातम्यांत तिच्या हातात गदा दिसली तेव्हा मला आमच्या तालमीची ती पायरी आठवली आणि बराच वेळ डोळ्यांतलं पाणी थांबेना. तुझ्या शाळेत पोरी येणार असतील तर त्यांना मागच्या रांगेत उभं करू नकोस.

शिकवायला लागलास की आईबापांशी मात्र खरं बोल. पोरांना लागणारं दूध, अंडी, डाळ काय, त्याला साधारण किती खर्च, गदेपर्यंत किती जण पोचतात, पोरगं तालमीत काय शिकेल, हे सगळं पहिल्याच दिवशी सांग. रान विकायला निघालेला एखादा बाप दिसला, तर त्याला घरी जाऊन अडव. हे सांगायचा अधिकार आख्ख्या तालुक्यात तुझ्याइतका कुणाला नाही. आणि शाळा सोडून कुस्ती, असं कुणाच्या बाबतीत होऊ देऊ नकोस.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी भरभर सांगते. शिकवणं पुढं पोटापाण्याचं करायचं मनात आलं, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम असतो, पदवी असेल तर पुढचा पदविकेचाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तुझ्या शालेय राज्य पातळीवरच्या रौप्यावर कुठल्या गटातल्या पदासाठी अर्ज करता येईल, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचार आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घे. भरतीची जाहिरात आल्यावर पळापळ करणारी पोरं मी पाहिली आहेत. वयाच्या अटी असतात, म्हणून हे पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.

खुराकाचंही ऐक. व्यायाम निम्म्यावर आला की खाणंही निम्म्यावर आलं पाहिजे. तालीम सुटली आणि तूप-बदाम तसेच राहिले, असे पैलवान चाळिशीत मधुमेहाच्या गोळ्या घेताना मी घरच्या नात्यातच पाहिले.

पुन्हा निवड चाचणीला उतरायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात आहे. पहिला शब्द गुडघ्याचा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना दाखव, दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली आहे का ते तपासून घे, आणि ते नाही म्हणाले तर नाही. ते हो म्हणाले, तर एक गोष्ट स्वतःला विचार. मैदानात कुणी बघायला नसेल, गावाला निकाल कळणारच नसेल, तरी उतरशील का? उतरावंसं वाटलं तर बिनधास्त उतर, सत्तावीस काय नि अठ्ठावीस काय. पण वडिलांचं रान फेडायला आणि गावाचं तोंड बंद करायला उतरणार असशील, तर थांब. त्या ओझ्यानं तू यंदाची वीस सेकंदं खेळलास, असा मला दाट संशय आहे. गावाचं तोंड तसंही बंद होत नाही. गदा घेऊन गेलास तर म्हणतील, नोकरी कुठं आहे.

झोपेबद्दल. दोन महिने ही थोडी मुदत नाही. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. खांदा उतरला तर तू हाडवैद्याकडं जातोस ना? तसंच हे. आणि रात्री मनात असलं काही येत असेल की आपण नसलेलंच बरं, तर फोन करायला सकाळची वाट बघू नकोस. उठून शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताला हलवून जागं कर. तालमीत एकाच हौद्यात घाम गाळलेली माणसं असतात, ती उठतील.

आता राहिले वडील.

वर मी अण्णांच्या वहीतली जी नोंद दिली, ती माझ्या थोरल्या भावाची आहे. ती रात्र मला आठवते. जत्रेहून बैलगाडीतून परत आलो. दादा पुढं बसला होता, पाठीला माती तशीच. अण्णा घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर कंदील घेऊन बसले आणि पाठमोरे काहीतरी लिहीत राहिले. आम्हा सगळ्यांना वाटलं, चिडलेत. दादाला तर तसं वाटलंच. पुढं कित्येक वर्षं तो म्हणायचा, त्या रात्री अण्णांच्या मनातून मी उतरलो. आईनं ताट वाढलं, दादानं मान खाली घालून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि उठला. अण्णा तेव्हा पाठ करून बसले होते. त्यांनी बघितलं असेल असं आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वही माझ्याकडं आली तेव्हा दादा साठीला पोचला होता. मी ते पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. डावा पाय, मान, अकरा मिनिटं. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

तुझे वडील गप्प का आहेत, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. रान गेल्याचं दुःख असेल. मुलीला घरी बसवल्याचं मनाला खात असेल. बारा वर्षांच्या पोराला परक्या गावी सोडून आलो, त्याचं हे काय करून ठेवलं, असंही असेल. बापमाणसांना हे बोलता येत नाही, आणि सगळ्यांकडं वही नसते. म्हणून तू विचार. पुढच्या शनिवारी घरी जा. 'मी हरलो, माफ करा' असलं काही म्हणू नकोस. संध्याकाळी ते रानातून आले की शेजारी बस आणि यंदाची ती शेवटची कुस्ती त्यांना पहिल्यापासून सांग. कुठं धरलं, कुठं सुटलं. ते मध्येच बोलायला लागतील. 'तिथं एकलंगी घ्यायची होतीस' असं काहीतरी म्हणतील. म्हणू दे.

जेवायला बहिणीला तुमच्याबरोबरच बसव. तिचं काय ते त्याच पंगतीत विचार, वडिलांसमोर.

सोमवारी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना सांग की येतो म्हणून. पहिले पंधरा दिवस कुणालाही डाव शिकवू नकोस, पोरं कितीही मागं लागली तरी. त्यांच्या हातात फावडं दे, हौदा गुडघाभर उकरून घे, ढेकळं फोडायला लाव, मूठभर माती दाबून बघायला शिकव. मग एकेकाला पुढं घे आणि कसं पडायचं ते आधी दाखव. हनुवटी छातीला, हात पसरून, श्वास सोडत. दाखवताना तुझा गुडघा सांभाळ.

— ताई